कुलूपवाल्या बाई

संस्थावाले त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचे आणि त्यांची बस सुटली की कुलूपवाल्या बाई. मी दोन्हीतलं काही म्हटलं नाही. मी नुसतं 'बाई' म्हणत असे, तेही गरज पडली तर. सुरुवातीला तर त्या आल्या की मी सांभाळायची त्या खोलीच्या मागच्या दाराशी जाऊन माठ धुवत बसायची, धुतलेला असला तरी.

त्यांचं काम सल्ला देण्याचं होतं. भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर चार-पाच वर्षांत इकडे गावोगावी संस्था निघाल्या. कोणी शिवणकाम शिकवत होतं, कोणी मेणबत्त्या करायला लावत होतं, कोणी पोरांसाठी वाचनालय चालवत होतं. मदत देणारे लोक नागपूर-मुंबईचे. चिचगडच्या जंगलात येऊन पाहणं त्यांना जमत नसे, म्हणून ते बाईंना पाठवत. संस्था काय करते, कसं करते, आणि मुळात करते कशाला, हे बाई पाहायच्या आणि लिहून द्यायच्या. काही संस्था आपणहून त्यांना बोलवत. बोलवून मग पस्तावत.

वय साठीच्या आसपास. काटकुळ्या. केस पुरुषासारखे बारीक कापलेले. खांद्याला खाकी कापडाची पिशवी आणि पिशवीत पितळेचं कुलूप, मुठीएवढं. राहायच्या गोंदिया शहराजवळ कुडव्याला, दोन खोल्या भाड्याने घेऊन. घरची बोली हिंदी. मराठी नीट बोलायच्या, पण मनातलं बोलायचं झालं की हिंदीत शिरायच्या. शाळेतल्या पोराला 'आप' म्हणायच्या आणि मला 'तुम्ही'. मला तुम्ही म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या मागे कोणी उभं आहे का, म्हणून मी वळून पाहिलं होतं.

कोणत्याच संस्थेत त्या जेवत नसत. पिशवीत मुरमुरे आणि फुटाणे असत, ते बाहेर झाडाखाली बसून खायच्या. "जेवलं की कलम नरम पडते," म्हणायच्या. स्वागताला मुलींचं गाणं ठेवलं तर पूर्ण ऐकायच्या, टाळ्याही वाजवायच्या आणि मग विचारायच्या, "अब वो लड़कियाँ दिखाइए जिनको गाना नहीं आता." सभेत कोणी 'लाभार्थी' म्हटलं की पेन उचलून विचारायच्या, "नाव काय त्यांचं?" एका अध्यक्षांना त्या शब्दाची फार सवय होती. दर वाक्यात यायचा. बाई दर वेळी नाव विचारायच्या. तीन नावं त्यांनी कशीबशी सांगितली, चौथ्याला अडले आणि स्वतःच्या मेहुणीचं नाव सांगून मोकळे झाले. मेहुणी समोरच बसली होती.

वहीत लिहिलेलं त्या कधी खोडत नसत. चुकलं तर त्याच्या खाली लिहायच्या, 'वरचं चूक.' का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच एकदा सांगितलं, "काय चुकलं तेवढं दिसून भागत नाही. कसं चुकलं तेही दिसलं पाहिजे."

आता कुलपाचं सांगते.

संस्था एक-दोनदा पाहून झाली की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "चलो, अब ताला." सगळ्यांना बाहेर काढायच्या, दाराला आपलं कुलूप लावायच्या आणि किल्ली पिशवीत टाकायच्या. दारावर चिठ्ठी लावायची नाही. काम करणाऱ्यांनी घरी बसायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही. मग त्या समोर कुठेतरी, पानठेल्यावर नाहीतर चहाच्या टपरीवर, वही घेऊन बसायच्या. "ज्याचं अडेल तो येईल," म्हणायच्या. "कोणीच आलं नाही, तर समजायचं की अडत होतं ते फक्त संस्थेचं."

हे वेडेपणाचं वाटतं, पण त्यातून खरं बाहेर यायचं. दवनीवाड्याच्या बाजूला मेणबत्त्यांचं एक केंद्र होतं. तिथे महिनाभर कुलूप होतं. एक बकरी तेवढी रोज येऊन दाराशी बसायची, सावलीसाठी. केंद्र बंद झालं. ते चालवणारे गृहस्थ बाईंसमोर रडले आणि नंतर सांगत फिरले की सुटलो बापा, मलाही ते नकोच होतं. दुसरीकडे एका वाचनालयाला कुलूप लावलं, तर दुसऱ्याच दिवशी पोरं खिडकीतून आत उतरली आणि पुस्तकं घेऊन खिडकीतूनच बाहेर आली. बाई समोरून पाहत होत्या. त्या वाचनालयाची मदत वाढवा असं त्यांनी लिहून दिलं आणि खाली लिहिलं, 'खिडकीला गज लावू नका.'

म्हणून त्यांचा त्या कुलपावर फार विश्वास होता.

मी चिचगडच्या बाजारात एक खोली सांभाळायची. आमच्या संस्थेची होती. संस्थेचे सचिव, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, त्यांनी दारावर पाटी लावली होती, 'महिला माहिती व मार्गदर्शन केंद्र'. भिंतीवर योजनांचे तक्ते होते. ते तक्ते कोणी वाचत नव्हतं. बाया त्या खोलीला 'टेकाची खोली' म्हणायच्या. बाजाराच्या दिवशी जंगलातल्या टोल्यांवरून, म्हणजे वाड्यांवरून, बाया डोक्यावर ओझी घेऊन यायच्या, मोहफुलं, चारोळी, झाडू, बांबूच्या टोपल्या. पहाटे निघालेल्या असायच्या आणि घरी पोहोचायला अंधार. त्या माझ्या खोलीत ओझं टेकायच्या, पाणी प्यायच्या, लेकराला पाजायच्या. आणि खोलीच्या मागे दोन संडास होते, जायला वाट खोलीतूनच. खरं काम त्यांचं होतं. बाजारात आलेल्या बाईला दिवसभर जायला दुसरी जागा नव्हती. पूर्वी बाया सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत, म्हणजे जावं लागू नये.

हे भाऊंनी कोणत्याच कागदात लिहिलं नव्हतं. कसं लिहायचं? ते लिहायचे, 'महिलांना मार्गदर्शन करण्यात आले.' आणि मी बोलले नव्हते. बाई दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा बाजार नव्हता. त्यांनी तक्ते पाहिले, मला विचारलं, "इथे बाया कशाला येतात?" मी खाली पाहून म्हटलं, "बसाले." त्यांनी वहीत लिहिलं, 'बसायला.'

मग एका बाजाराच्या आदल्या दिवशी त्या आल्या आणि दाराला कुलूप लावलं. तीन बाजार कुलूप राहील, असं भाऊंना सांगितलं. मला म्हणाल्या, "तुम्ही घरी राहा. कोणाशी काही बोलू नका." चैत्र संपत आला होता, मोहफुलांचा भर होता. याच दिवसांत बाया सगळ्यात जास्त यायच्या. मी म्हणायला हवं होतं की आता नको. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी मान हलवली आणि घरी आले.

माझं घर बाजारापासून तासभराच्या वाटेवर, नाल्याच्या पलीकडच्या टोलीत. घरी मी आणि सासूबाई. त्यांना वर्षापासून दम्याने धरलं होतं. दर बाजाराला बाया मला विचारायच्या, "म्हातारी कशी आहे वो?" मी सांगायची, बसून खाते, शिव्या देते, बरी आहे.

पहिला बाजार गेला. दुसरा गेला. मी घरी बसून मोहफुलं निवडत होते आणि आता बाया काय करत असतील, हे मनात येऊ देत नव्हते.

दुसऱ्या बाजारानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. वाटेवरून बाया येताना दिसल्या. वीसेक तरी असतील. डोक्यावर पदर, खाली मान, कोणी बोलत नाही. हातात तांदुळाच्या, डाळीच्या पुरचुंड्या, एकीच्या हातात पानात बांधलेली भाजी. पुढे फुलवंताबाई, टोपल्या विकायला यायची ती. ती ओसरीशी आली, तिने सासूबाईंना पाहिलं आणि तिथल्या तिथे थांबली.

"अवो माय! म्हातारी तं बसून आहे!"

"बसून नाई राहू तं काय उडू?" सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या झनी कोठी चालल्या?"

फुलवंताबाईने पुरचुंडी पदराआड घेतली. शेवटी मागची एक हळूच म्हणाली, "तुमच्या दहाव्याले आलो जी."

सासूबाईंनी जरा विचार केला. "माह्या दहाव्याले? मंग सैपाक कोन करून राहिला?"

एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळ्याच हसल्या. सासूबाईंना जोर आला. "आल्याच आहा तं रडून घ्या आता. मेल्यावर मले का ऐकू येनार आहे?"

झालं होतं असं. पहिल्या बाजाराला बायांना दाराला कुलूप दिसलं, चिठ्ठी नाही, मी नाही. आमच्याकडे कारण न सांगता दार बंद झालं आणि घरचं माणूसही दिसेनासं झालं, तर लोक एकच समजतात. म्हातारी गेली असेल, असं कोणी म्हणालं. दुपारपर्यंत ती गेलीच होती. दुसऱ्या बाजाराला तिला दम लागून पहाटे जीव गेला, हेही ठरलं होतं. दुखवट्याच्या घरी काही मागायला जात नाहीत, विचारायलाही नाही. बायांनी कुलूप पाहिलं, पदर घेतला, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. कोणाकडे तिसरा असतो, कोणाकडे दहावा, कोणाकडे तेरवी. त्या सगळ्या जातींच्या बाया, त्यांनी आपसात बोलून मधला दहावा धरला आणि पहिल्या कुलपापासून दिवस मोजून आल्या.

हसू ओसरल्यावर फुलवंताबाईने मला विचारलं, "मंग कुलूप काऊन?"

मी पाणी आणायला वळले.

"काऊन वो? तोंड नाई का तुले?"

मी सांगितलं. एक बाई आहेत, त्या पाहून राहिल्या की खोली पाहिजे की नाही पाहिजे, आणि मला कोणाला सांगायला मनाई होती. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

फुलवंताबाईचा चेहरा बदलला. "म्हंजे तू हितं सावलीत बसून होती. अन् आमी? मागच्या बाजारी ते बाळंतीन पोट्टी चक्कर येऊन पडली. सकारपासून पानीच नाई पेली ते. कायले पेईल? पेल्यावर जाईल कोठी?" मग बाजाराजवळच्या तळ्याच्या, बोडीच्या, बांधाचं हळू आवाजात सांगितलं, "बोडीच्या पाळीमांगं गेलो तं तिथं मानसं दारू पिऊन बसले होते. दोघी आडव्या उभ्या राहिलो, मंग एक बसली. अशा पाळीपाळीनं. अन् तुह्यासाठी मनात म्हनून राहिलो, बिचारीवर दुख पडलं."

मी तिचे पाय धरणार होते. तिने धरू दिले नाहीत. पुरचुंड्या ओसरीवर ठेवल्या. "आनलेलं परत नाई नेत," म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन निघाली. जाताना सासूबाईंशी बोलली, माझ्याशी बोलली नाही.

तो तांदूळ मला दोन दिवस गिळवला नाही. सासूबाईंनी मात्र पोटभर खाल्ला. "माह्या नावाचा आहे," म्हणाल्या.

तिसऱ्या बाजाराला दोन दिवस होते. त्या बाजारानंतर देवरीला सभा होती आणि त्या सभेत बाई आपलं म्हणणं सांगणार होत्या. मला माहीत होतं त्या काय सांगतील. कोणी आलं नाही, बंद करा. मी भाऊंना निरोप पाठवू शकले असते. पण भाऊ त्यांच्यासमोर माझ्याहून जास्त घाबरायचे. मी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली. एकटी गोंदियाला मी त्याआधी कधी गेले नव्हते. देवरीला बस बदलली, गोंदियाच्या स्टँडवर तीन ऑटोवाल्यांना कुडवा विचारलं, तिघांनी हिंदीत उत्तर दिलं, चौथ्याने बसवून घेतलं. चौथी शिकलेली मी, पाटी वाचत वाचत त्यांची गल्ली काढली. दार उघडंच होतं.

बाई खाली चटईवर बसून लिहीत होत्या. मला पाहून उठल्या. "तुम्ही? अकेली?" त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. मी नको म्हटलं.

"उन्हातून आलात. घ्या."

"वापस जायाचं आहे, बाई. रस्त्यानं जागा नाई राहात."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, पण मी काय म्हटलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही असं मला वाटतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी मध्ये अडकले. बाईंनी वही उघडली आणि मला वाचून दाखवली. 'बाजार पहिला. बाया येतात. कुलूप पाहतात. पदर डोक्यावर घेतात. ऊन. थोडा वेळ उभ्या राहतात. जातात. कोणी विचारत नाही.' दुसऱ्या बाजारालाही तेच.

"उन्हाचा नव्हता तो पदर," मी म्हटलं.

"हाँ, समझ गई. पण माझी अडचण बघा." त्या नेहमीसारख्या वादाला बसल्या. "त्या तुमच्या घरी आल्या, तुमच्या दुःखासाठी. खोलीसाठी कोण आलं? अडत होतं तर कोणी एक तरी येऊन विचारलं असतं, खोली कब खुलेगी?"

"दुखवट्यात असं कोनी विचारते का, बाई?"

"भूक लगी हो तो आदमी विचारतो."

"भुकेचं विचारता येते." मी म्हटलं. "याचं नाई विचारता येत."

"कशाचं?"

मग मला ते बोलावंच लागलं. खोलीच्या मागे काय आहे, बाया खरं कशाला येतात, आणि या दोन बाजारांत बोडीच्या पाळीमागे काय झालं. बाळंतीण का पडली. कोणत्याही बाईसमोर मी एवढं उघड कधी बोलले नव्हते.  पण सुरू केलं होतं, ते सोडून जायचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही सांगितलं, बसायला."

"हो जी. माह्यी चूक."

"आणि मी तिथेच बसून होते. समोर. पूरा दिन. मला दिसलं नाही, तर मी ते कसं मानू? मी पाहिलेलंच लिहिते."

तेव्हा मी ते विचारलं. विचारायचं ठरवून गेले नव्हते.

"बाई, तुम्ही दोन बाजार दिवसभर टपरीवर बसल्या. चहा पेल्या असाल, पानी पेल्या असाल. तुम्ही कोठी जात होत्या?"

त्यांनी वहीत दोन पानं मागे उलटून पाहिली.  मग त्या म्हणाल्या, "टपरीच्या मागे भाऊंच्या मावशीचं घर आहे."

 त्या मावशीने आम्हा कोणाला कधी अंगणातही येऊ दिलं नसतं, हे त्यांना सांगायची गरज उरली नव्हती.

बाईंनी पेन घेतलं. 'ऊन' या शब्दाखाली लिहिलं, 'वरचं चूक.' मग मला म्हणाल्या, "दुःखाचा पदर कसा घेतात? दाखवा." मी घेऊन दाखवला. तो कपाळावर किती येतो, कोणत्या हाताने धरतात, हे त्यांनी तीन ओळींत लिहून घेतलं. मग पिशवीतून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"उद्या बाजाराला तुम्हीच उघडा. मी येणार नाही. बायांना सांगा, ताला मैंने लगाया था. सगळं माझ्यावर घाला."

"लावलं तुमी," मी म्हटलं, "पन गप्प मी बसली. माह्यं मी सांगीन."

त्या हसल्या नाहीत, की शाबास म्हणाल्या नाहीत. "पाणी प्या," म्हणाल्या. "आणि जाताना इथून जाऊन जा. आत उजवीकडे आहे." मी तांब्याभर पाणी प्यायले.

सभेत काय झालं, ते आधी सांगून टाकते. मी त्या सभेला नव्हते, भाऊंनी सांगितलं. बाईंनी वही पहिल्यापासून वाचली, चुकांसकट. मग म्हणाल्या, खोली चालू ठेवा, आणखी दोन संडास बांधा, बाहेरची पाटी काढा आणि कागदावर जे खरं आहे ते लिहायला शिका. भाऊ लाजून लाल झाले होते म्हणे. पाटी निघाली. संडास एकच वाढला, पण वाढला. खोली पुढे कितीतरी वर्षं चालली आणि मीच ती चालवली. बाईंनी कुलूप लावणं सोडलं नाही, तो त्यांचा स्वभावच होता. पण त्यानंतर कुठेही कुलूप लावण्याआधी त्या गावातल्या चार बायांना विचारायच्या, "इथे कारण न सांगता दार बंद दिसलं, तर लोक काय समजतात?" एका गावात म्हणे उत्तर मिळालं, पोलीस येऊन गेले समजतात. दुसऱ्या गावात, साहेबांची बदली झाली समजतात. त्या दोन्ही ठिकाणी त्यांनी कुलूप लावलंच नाही. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि फिरणं थांबलं. मी दोनदा कुडव्याला भेटून आले. आता त्या नाहीत.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी मी उजाडायच्या आत निघाले. कुलूप काढलं, खोली झाडली, संडास धुतले, माठ भरले. बाया यायला लागल्या. दार उघडं दिसलं तरी कोणी आत येईना. ओझी डोक्यावरच, सगळ्या समोर उभ्या. मी पायरीवर आले.  मी म्हटलं की सासू जिवंत आहे, कोणी मेलं नव्हतं, कुलूप मुद्दाम लावलं होतं, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, तुम्हाला त्रास झाला तो माझ्यामुळे झाला.

फुलवंताबाई पुढेच होती. "जोरानं बोल," ती म्हणाली. "मांगच्यांले ऐकू नाई येत."

मी पुन्हा बोलले. सगळं, पहिल्यापासून. आता आवाज निघाला. आयुष्यात माझा आवाज एवढा मोठा मीही ऐकला नव्हता. टपरीवरची माणसंही वळून पाहायला लागली. तरी मी थांबले नाही.

फुलवंताबाईने ओझं पायरीवर टेकलं. "झालं?" ती म्हणाली. "आता सर बाजूले. मले जाऊ दे."

मग एकदम गर्दी झाली. मागे रांग लागली ती खोलीतून, पायरीवरून पार रस्त्यापर्यंत आली. मी घागरी भरून आणत होते. दुपारची वेळ असेल, रांगेच्या शेवटी मला खाकी पिशवी दिसली. बाई होत्या. येणार नाही म्हणाल्या होत्या, पण आल्या होत्या. चप्पल धुळीने पांढरी, तोंड उन्हाने लाल. त्यांच्याबरोबर चालत आलेल्या बायांनी मग सांगितलं की सकाळच्या बसने त्या अलीकडच्या जंगलातल्या फाट्यावर उतरल्या आणि तिथून या बायांबरोबर पायी आल्या. चहाच्या टपरीकडे त्या गेल्याच नव्हत्या.

भाऊ धावत आले. "मॅडम, इथे कशाला? मावशीच्या घरी चला, मोकळं आहे."

"नहीं," बाई म्हणाल्या. "मी रांगेत आहे."

पुढच्या एकीने सरकून जागा केली. "साहेबीनबाईले जाऊ द्या वो पुढं."

"काऊन?" तिच्या पुढची म्हणाली. "आमी का तमाशा पाहाले उभ्या आहो?"

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. ऊन डोक्यावर होतं. पुढे अजून नऊ-दहा बाया होत्या.

मला राहवेना. मी घागर ठेवली आणि पुढच्या बायांना विनवायला निघाले. रांगेत कडेवर लेकरू घेतलेली ती बाळंतीण होती, मागच्या बाजाराला पडलेली. तिने माझा हात धरला आणि हनुवटीने बाईंकडे दाखवून विचारलं, "कुलूप लावलं ते हेच का?"

"हो," मी म्हटलं.

तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मंग राहू दे उभी," ती म्हणाली.

मी राहू दिलं.